मैत्रीचे अडते

हल्लीं आपल्या मोठ्या शहरांतून एक नवा व्यापार बराच फोफावला आहे. धान्याला अडत्या असतो, जागेला दलाल असतो, लग्नाला मध्यस्थ असतो. मैत्रीला मात्र आजवर कोणी अडत्या नव्हता. ती उणीव आतां भरून निघाली आहे. मोबाइलवर एक ॲप उतरवून घ्यावें, आपलें छायाचित्र, वय, आवडीनिवडी आणि चार चुरचुरीत वाक्यें त्यांत भरावीं, आणि मग अनोळखी चेहऱ्यांची जी रांग समोर येते तींतील नको तो डावीकडे व हवा तो उजवीकडे सारावा. दोघांनींहि परस्परांस उजवीकडे सारलें म्हणजे मैत्रीचा श्रीगणेशा झाला! प्रियाराधनासाठीं निघालेल्या ‘बम्बल’ या अमेरिकन ॲपनें २०१६ सालीं केवळ मैत्रीचा वेगळा विभाग उघडला आणि २०२३ सालीं त्यासाठीं स्वतंत्र ॲपच काढलें. अनोळखी माणसांना दर बुधवारीं एका टेबलाशीं जेवावयास बसविण्याचा उद्योग ‘टाइमलेफ्ट’ नांवाच्या एका फ्रेंच कंपनीनें चालविला आहे. मागणी आहे म्हणून पुरवठा आहे, असें अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल. पण या मालाचें स्वरूप काय, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

या सोयीविषयीं आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दोन मतें ऐकूं येतात. वडील मंडळी म्हणतात, ‘आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं, शेजारच्या बिऱ्हाडांत कोण राहतें हें ठाऊक नाहीं, आणि हीं पोरें मित्र शोधायला निघालीं यंत्रांत!’ तरुण मंडळी म्हणतात, ‘गांवचा पार आणि चाळीची गॅलरी मागें राहिली, त्यांची जागा या साधनानें घेतली तर बिघडलें कोठें?’ आम्हांला हीं दोन्हीं मतें अमान्य आहेत. पहिलें निर्दय आहे आणि दुसरें भोळें आहे. तरुणांची तहान खरी आहे. पण त्यांच्या हातीं जो पेला दिला जात आहे त्यांत पाणी किती आणि फेस किती, हें कोणीं तरी पाहिलें पाहिजे.

तहान खरी आहे याविषयीं वाद नको. एकटेपणा हें रिकामटेकड्यांचें दुखणें आहे असें मानण्याचे दिवस गेले. ब्रिटिश सरकारनें २०१८ सालीं हा प्रश्न एका मंत्र्याकडे सोंपविला. २०२१ सालीं जपाननें तेंच केलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ च्या जूनमध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील दर सहा माणसांमागें एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि कुमारवयीन मुलांत व तरुणांत त्याचें प्रमाण विशेष आहे. लातुराहून हिंजवडीला नोकरीसाठीं आलेला मुलगा घ्या, किंवा नागपुराहून बंगळूरास गेलेली मुलगी घ्या. दिवसाचे दहा तास पडद्यासमोर आणि दोन तास रस्त्यावरील कोंडींत जातात; रात्रीं खोलीचें कुलूप काढतांना ‘आज उशीर झाला का?’ एवढें विचारणारेंहि कोणी नसतें. अशा माणसानें मोबाइल उघडला तर त्याला हंसण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

आमचा आक्षेप साधनाच्या नवेपणावर नाहीं. त्याच्या मुळाशीं मैत्रीची जी कल्पना आहे तिच्यावर आहे. मित्र म्हणजे आधीं पारखून निवडावयाची आणि मग घरीं आणावयाची वस्तु, अशी ही कल्पना. वास्तविक क्रम बहुधा उलटा असतो. आपले जिवलग मित्र कोण, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. त्यांतील कितीजण आपण निवडले होते? वसतिगृहाच्या खोलींत जो वांट्याला आला तो, नाटकाच्या तालमीला ज्याच्याशीं भांडण झालें तो, गणपतीची वर्गणी मागत ज्याच्याबरोबर जिने चढलों तो, असेच ते असतात. छायाचित्र पाहून निवड करावयाची असती तर त्यांतील निम्म्यांना आपण डावीकडेच सारलें असतें! गुऱ्हाळांत गूळ करतांना काकवीहि हातीं लागावी, तशी मैत्री दुसऱ्याच कांहीं कामाच्या ओघांत, न शोधतां, हातीं लागते.

दुसरी गोष्ट वेळाची. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठीं केलेली, सुखासाठीं केलेली आणि सद्गुणावर उभी असलेली. या तिसरीला सहवास व काळ लागतो असें त्याचें म्हणणें आहे. कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत या जुन्या अनुभवाला आंकड्यांचें रूप दिलें. ओळखीच्या माणसाचा साधारण मित्र व्हावयास सुमारें ५० तास, मित्र व्हावयास सुमारें ९० तास आणि जिवलग मित्र व्हावयास २०० हून अधिक तास सहवास लागतो, असें त्यांना आढळलें. आतां हिशेब करावा. विरारहून चर्चगेटला एकाच डब्यांतून जाणारे-येणारे दोघेजण रोज दोन तास एकत्र असले तर १०० दिवसांत हे २०० तास भरतात. लोकलच्या डब्यांतील भजनी मंडळें कोणत्याहि ॲपवांचून कां जमलीं, याचें उत्तर या हिशेबांत आहे. उलट ॲपवर जमलेले दोघे महिन्यांतून दोनदां, दोन-दोन तास, कॉफीला भेटले तर त्याच २०० तासांना चार वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि तोंवर नव्या चेहऱ्यांची रांग अखंड चालूच! पहिल्या भेटींत जरा कंटाळा आला, दुसऱ्या भेटींत एखादा शब्द खटकला, कीं पुढचा चेहरा तयार असतो. कंटाळा सोसण्याची व खटका विसरण्याची संवय ज्याला लागली नाहीं त्याला ओळखी शंभर मिळतील, मित्र मिळणार नाहीं. भर्तृहरीनें मैत्रीला सावलीची उपमा दिली आहे. एक सकाळची, आरंभीं लांब व पुढें आखडत जाणारी, आणि दुसरी दुपारनंतरची, आरंभीं आखूड व पुढें वाढत जाणारी. त्यानें पहिली दुर्जनाची म्हटली. येथें दुर्जन कोणीच नाहीं. पण साधनच असें आहे कीं तें सर्वांना सकाळची सावली विकतें.

तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप अडत्याच्या हितसंबंधाचा. लग्न जुळविणारा मध्यस्थ लग्न जुळलें म्हणजे आपली बिदागी घेऊन बाजूला होई. काम फत्ते होण्यांत त्याचा फायदा होता. येथें प्राप्ति होते ती मुख्यतः दरमहाच्या वर्गणींतून किंवा जाहिरातींतून. दोन माणसें एकमेकांस सांपडलीं, त्यांनीं ॲप पुसून टाकलें आणि तीं पर्वती चढावयास गेलीं, म्हणजे कंपनीचीं दोन गिऱ्हाइकें बुडालीं! बम्बल कंपनीचे भाग २०२१ सालीं अमेरिकेंतील नॅस्डॅक बाजारांत विक्रीस आले. पैसे भरणारे ग्राहक किती, हा आंकडा अशी कंपनी तिमाहीच्या हिशेबांत भागधारकांपुढें ठेवते. किती एकाकी जीवांना सोबती मिळाला, हा रकाना त्या हिशेबांत नसतो. आम्ही कोणावर लबाडीचा आरोप करीत नाहीं. व्यापाऱ्यानें व्यापार करावा हें स्वाभाविकच आहे. परंतु रोगी बरा झाला कीं ज्याची मिळकत थांबते, त्या वैद्याच्या औषधाची मात्रा डोळसपणें पाहिलेली बरी.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘जुन्या मैत्रीचे गोडवे पुरे झाले, ती जातीच्या व आळीच्या कुंपणांत वाढली. हें साधन तें कुंपण मोडतें.’ यांतील पहिला भाग खरा आहे. चाळीच्या ओट्यावर सर्वांना बसूं देत होते असें नाहीं. समलिंगी तरुणाला तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत कायद्याचीहि भीति होती. आपल्यासारखें दुसरें कोणी आहे, हें अशा कित्येकांना कळलें तें या पडद्यावरच. त्यांना हें साधन म्हणजे खिडकी आहे, आणि ती बंद करावी असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण कुंपण मोडल्याचा सरसकट दावा तपासला पाहिजे. आपल्याच वयाचा, आपल्याच छंदाचा, आपल्याच शिक्षणाचा, आपल्यापासून पांच किलोमीटरच्या आंतला, इतक्या चाळण्या लावल्यावर जो उरतो तो बहुधा आपलीच प्रतिकृति! निवृत्त कारकून, शेजारचें दहा वर्षांचें पोर, विरुद्ध मताचा वादपटु, हे त्या रांगेंत येतच नाहींत. जुनें कुंपण दुसऱ्यांनीं घातलेलें होतें. हें आपण स्वतःच्या बोटानें घालतों.

सगळीं साधनें एका माळेचीं नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. २००२ सालीं न्यूयॉर्कमध्यें निघालेलें ‘मीटअप’ चेहऱ्यांची रांग लावीत नाहीं. डोंगर चढणें, पुस्तकावर चर्चा करणें, बुद्धिबळ खेळणें अशा निमित्तानें तें माणसें जमवितें. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट पटनम यांनीं २००० सालच्या ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथांत अमेरिकेंतील मंडळें व संघ कसे ओस पडत गेले याचें वर्णन केलें होतें. त्या ग्रंथाचा परिणाम या संस्थेच्या जन्मामागें होता. असल्या साधनाशीं आमचें वैर नाहीं. दारापर्यंत पोंचवून जो बाजूला होतो तो वाटाड्या. दारांतच जो बसवून ठेवतो तो अडत्या.

परंतु सगळा दोष अडत्याच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. सरळ रस्ता बंद झाला म्हणजेच अडत्याचें फावतें. आणि तो रस्ता बंद कोणीं केला? आपण, सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांनीं. अविवाहित तरुणांना जागा भाड्यानें द्यावयाची नाहीं, असा ठराव कोणाच्या सोसायट्यांत होतो? त्यांच्याकडे रात्रीं चार मित्र आले तर पहारेकऱ्याची नोंदवही कोण तपासतो? सोसायटीच्या सभागृहाला कुलूप आणि किल्ली चिटणिसाच्या खिशांत, ही व्यवस्था कोणाची? मुलगा दहावीला गेला कीं त्याचा खेळ, तबला, नाटक बंद करून त्याला क्लासांत कोंडणारे आपणच. आणि तोच पंचविसाव्या वर्षीं ‘आई, येथें माझें कोणी नाहीं’ असें फोनवर म्हणाला कीं चकित होणारेहि आपणच! न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं पुण्यांत वसंत व्याख्यानमाला सुरू केली. १८९८ सालीं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. १९३२ सालीं थेट लंडनला महाराष्ट्र मंडळ उभें राहिलें. मैत्री जुळविणें हा कांहीं या संस्थांचा जाहीर हेतु नव्हता. तथापि व्याख्यान संपल्यावर रेंगाळणाऱ्या श्रोत्यांत, पुस्तकांच्या कपाटांपाशीं, किती स्नेह जुळले असतील याची गणति नाहीं. त्या पिढीचे वारस म्हणवून घेणारे आपण आज किती वाचनालयांचे सभासद आहों?

आम्ही महाविद्यालयांत शिकवितों, म्हणून आरंभ आमच्याच घरापासून व्हावा. तास संपले कीं वर्गांना कुलूप लावण्याऐवजीं सायंकाळीं दोन तास ते आजी-माजी विद्यार्थ्यांच्या वाचनाला, वादविवादाला, गाण्याला मोकळे ठेवावे. सोसायट्यांनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं सभागृह उघडावें, आणि भाडेकरू तरुणांनाहि तेथें सतरंजी घालण्याचें व गोळा करण्याचें काम द्यावें. पाहुणा म्हणून बसणारा एकटाच राहतो, सतरंजी घालणाऱ्याला दुसरें टोक धरणारा लागतो. आणि तरुणांना आमचें सांगणें एवढेंच: ॲप वापरावेंसें वाटलें तर खुशाल वापरा, पण त्यावर माणूस न शोधतां काम शोधा, आणि एकदां तें सांपडलें म्हणजे सहा महिने त्याच दिवशीं, त्याच ठिकाणीं, त्याच माणसांत जा, कंटाळा आला तरी जा.

ज्या समाजांत मैत्रीलाहि अडत्या लागतो, त्या समाजानें अडत्याला नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या दारांच्या कड्या तपासाव्या.