साथ संपली, पण कुणासाठी?

महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. वर्षभराने, ५ मे २०२३ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेनेही जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. दोन वर्षे घरात कोंडलेल्या लोकांना त्या पाडव्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांसाठी त्या दिवशी उलटेच घडले. तोवर समोरच्या माणसाच्या तोंडावरही मुखपट्टी होती. त्या दिवसापासून फक्त स्वतःच्या तोंडावरची उरली.

इतर कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग यांत एक मूलभूत फरक आहे. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात गाठ एका अवयवात असते आणि केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती काही दिवस खाली जाऊन पुन्हा सावरते. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा या आजारांत मात्र ज्या पेशींनी जंतूंशी लढायचे त्याच पेशी बिघडलेल्या असतात. म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच शरीराचे संरक्षण दुबळे झालेले असते आणि उपचारांनी ते आणखी खाली जाते. लिम्फोमात सर्रास वापरले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींनाच नष्ट करते. त्या पुन्हा तयार व्हायला सहा महिने, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात तर शरीराची जुनी ओळखच पुसली जाते. लहानपणी घेतलेल्या लशींचे संरक्षण उरत नाही आणि चाळिशीतल्या माणसाला धनुर्वात, पोलिओसारख्या लशी बाळासारख्या नव्याने घ्याव्या लागतात.

अशा शरीरात करोनाचा विषाणू शिरला तेव्हा काय झाले, हे पहिल्याच वर्षी दिसले. २०२० मध्ये ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात ३,३७७ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यातले बहुतेक रुग्णालयात दाखल झालेले होते आणि प्रौढांमधील मृत्यूचे प्रमाण ३४ टक्के निघाले. मुलांमध्ये ते ४ टक्के होते. लशी येण्याआधीचे हे आकडे आहेत, ते आजच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण धोक्याची जातकुळी त्यातून कळते. त्याच वर्षी ‘सेल’मध्ये अमेरिकेतील एका ७१ वर्षांच्या, जुनाट ल्युकेमिया असलेल्या महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. तिला करोनाची लक्षणे नव्हती, तरी तिच्या शरीरातून संसर्ग पसरवू शकणारा विषाणू ७० दिवसांपर्यंत बाहेर पडत होता. इतरांना ‘चौदा दिवस वेगळे राहा’ हा नियम पुरत होता. या रुग्णांना तो पुरणार नव्हता, हे तेव्हाच कळून चुकले होते.

मग लस आली आणि तिच्याबरोबर एक विचित्र कोंडी. ज्यांना लशीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच शरीरात ती सर्वात कमी काम करते. बी पेशीच नसतील तर लस टोचूनही प्रतिपिंडे तयार होत नाहीत. टी पेशींचा प्रतिसाद काही प्रमाणात मिळतो, म्हणून लस वाया जात नाही. पण दोन मात्रा झाल्या म्हणजे काम झाले, असे या रुग्णांना सांगता येत नाही. अमेरिकेने १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना तिसऱ्या मात्रेची परवानगी दिली. ब्रिटनने १ सप्टेंबरला तशी शिफारस केली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही तेच सांगितले.

भारतात काय झाले? १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातल्या ज्या सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली, त्या यादीत ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा आणि प्रत्यारोपण झालेले रुग्ण होते. याचा अर्थ हे रुग्ण वेगळे आहेत, याची धोरणकर्त्यांना पूर्ण कल्पना होती. पण १० जानेवारी २०२२ ला ‘खबरदारीची मात्रा’ सुरू झाली ती आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढचे सहव्याधीग्रस्त यांच्यासाठी, तीही दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांनी. पस्तिशीतल्या लिम्फोमाच्या रुग्णाला तिसरी मात्रा घेण्याची अधिकृत सोय १० एप्रिल २०२२ रोजी, सर्व प्रौढांबरोबरच झाली, आणि ती खासगी केंद्रावर पैसे मोजून. तोवर ओमायक्रॉनची लाट येऊन गेली होती. कोट्यवधींच्या लसीकरणाची मोहीम भारताने ज्या वेगाने राबवली तिचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र मोहीम वयावर बेतली आणि आजाराला दुय्यम ठरवले, ही चूक होती. ती लस टंचाईच्या काळातली अपरिहार्यता होती, असेही म्हणता येत नाही; २०२२ उजाडेपर्यंत लशीचा तुटवडा राहिला नव्हता.

लशीची चर्चा तरी झाली. त्याहून घातक एका गोष्टीची फारशी चर्चाच झाली नाही. ती म्हणजे ताप.

केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या ५०० च्या खाली गेलेली असताना येणारा ताप ही रक्तकर्करोगातली आणीबाणी आहे. अशा वेळी साधा, एरवी आतड्यात गुपचूप राहणारा जिवाणूही रक्तात उतरून काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून रुग्णाला आधीच बजावलेले असते, की ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोहोचला तर पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाची पहिली मात्रा मिळावी, असा संकेत आहे.

आता २०२०-२१ मधले रुग्णालयाचे फाटक आठवावे. तापमान मोजणारी बंदूक कपाळावर रोखलेली, आणि ताप असेल तर आत प्रवेश नाही. ‘फीव्हर क्लिनिक’ला जा, स्वॅब द्या, अहवाल येईपर्यंत थांबा. इतर सर्वांसाठी हा नियम शहाणपणाचा होता. न्यूट्रोफिल संपलेल्या रुग्णासाठी तो जीवघेणा ठरू शकत होता. इथे करोना होण्याचीही गरज नव्हती, करोना असेल या शंकेतच नेमके ते मोलाचे तास जात होते. शिवाय संशयितांच्या रांगेत उभे राहिल्याने नसलेला करोना होण्याची शक्यता वेगळीच. यावर उपाय काही अवघड नव्हता. ब्रिटनमध्ये केमोथेरपीच्या रुग्णाजवळ एक छोटे कार्ड असते: या व्यक्तीवर केमोथेरपी सुरू आहे, ताप असल्यास तातडीने उपचार द्या, आणि खाली चोवीस तास चालू असलेला दूरध्वनी क्रमांक. फाटकावरच्या रखवालदारापासून रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला ते वाचता येते. महाराष्ट्रात काही मोठी केंद्रे आपापल्या रुग्णांना अशा लेखी सूचना देतात, पण धाराशिव किंवा गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता तो कागद मानला जाईल, याची खात्री कोण देणार? ती खात्री फक्त सरकारी आदेशाने येऊ शकते. औषध, खाट आणि डॉक्टर जागेवर असतात. फक्त ‘या रुग्णाला आधी प्रतिजैविक, मग चाचणी’ एवढे लेखी हवे.

रुग्णालयापर्यंत पोहोचणे हा आणखी वेगळा प्रश्न. परळच्या टाटा रुग्णालयाने टाळेबंदीतही उपचार थांबवले नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे. पण लोकल बंद, लांब पल्ल्याच्या गाड्या बंद. बिहार, झारखंड, बंगालपासून विदर्भापर्यंतचे रुग्ण येणार कसे? देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांची मार्च ते मे २०२० मधली आकडेवारी पुढे ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आली. आदल्या वर्षीच्या तुलनेत नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली, बाह्यरुग्ण विभागातली केमोथेरपी ३७ टक्क्यांनी. रोग कमी झाला नव्हता, रुग्ण पोहोचले नव्हते. तीव्र ल्युकेमियात निदान व उपचारांना काही आठवड्यांचा उशीर म्हणजे अनेकदा कायमचा उशीर असतो. जुनाट मायलॉइड ल्युकेमियाचा रुग्ण इमॅटिनिबची गोळी रोज घेऊन वर्षानुवर्षे जवळजवळ सामान्य आयुष्य जगतो, पण ती गोळी रोज घ्यावी लागते, टाळेबंदी असो वा नसो. त्या काळात टपाल खात्याने औषधांची पाकिटे गावोगाव पोहोचवली. दूरवैद्यक सेवेचे नियमही टाळेबंदीच्या सुरुवातीलाच, २५ मार्च २०२० रोजी आले. हे आणीबाणीतले जुगाड म्हणून सोडून द्यायचे नव्हते. तालुक्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचे, अहवाल मोबाइलवर पाठवायचा, औषध टपालाने यायचे आणि परळची फेरी तीन महिन्यांतून एकदा, ही व्यवस्था साथ नसतानाही सोयीची आहे. सहाशे किलोमीटरचा प्रवास करून दोन मिनिटे डॉक्टर भेटण्यात कोणाचेच भले होत नाही, आणि गर्दीच्या डब्यातला तो प्रवास प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसाला कधीच सुरक्षित नव्हता.

रक्ताचा प्रश्न मात्र औषधासारखा साठा करून सुटत नाही. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणजे गेल्या महिन्यातल्या भव्य शिबिराचा आजच्या ल्युकेमियाच्या रुग्णाला काही उपयोग नाही. महाराष्ट्रात ऐच्छिक रक्तदानाची परंपरा मोठी आहे, पण ती महाविद्यालये, कंपन्या, मंडळे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांवर उभी आहे. २०२० मध्ये यातले बरेच काही एका झटक्यात थांबले. लसीकरण सुरू झाल्यावर आणखी एक अडसर आला. लस घेतल्यावर २८ दिवस रक्तदान करू नये, असा नियम सुरुवातीला होता. मे २०२१ मध्ये तो १४ दिवसांवर आणला गेला. तरुणांचे लसीकरण सुरू झाले त्याच महिन्यात तो बदलला, हे बरे झाले.

याच काळात एक उदाहरण असेही घडले, की ज्यावर पुढे काही उभारता आले असते. लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला आणि रक्तदान व प्लाझ्मादानाची शिबिरे भरवली. टाटा आणि केईएम रुग्णालये तिथून हाकेच्या अंतरावर. गणेशोत्सव दहा दिवसांचा असतो, आणि प्लेटलेटचे आयुष्य पाच दिवसांचे. त्याच मंडळांनी शेदोनशे दात्यांची यादी करून आठवड्याला चार-पाच जणांना प्लेटलेट देण्यासाठी पाठवले, तर एखाद्या रुग्णालयाचा वर्षभराचा मोठा भार हलका होईल. प्लेटलेट देणारा काही दिवसांनी पुन्हा देऊ शकतो. संपूर्ण रक्त देणाऱ्याला तीन महिने थांबावे लागते. एकाच दिवशी हजार बाटल्यांचा विक्रम करण्याचा मोह मात्र सोडावा लागेल. पावसाळ्यात डेंगीच्या रुग्णाचा आकडा पन्नास हजारांवर आला की नातेवाईक प्लेटलेटसाठी जी धावपळ करतात, तीही बहुतेक वेळा अनावश्यक असते. रक्तस्राव नसेल तर त्याला प्लेटलेटची गरज नसते. पलीकडच्या खाटेवर दहा हजारांखाली गेलेल्या ल्युकेमियाच्या मुलाला ती असते.

घर हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये अतिजोखमीच्या लोकांना पत्रे पाठवून घरात थांबायला सांगितले, गरजूंना धान्याची खोकी घरपोच दिली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील तर ‘वेगळे राहा’ या सल्ल्याला अर्थ नसतो. तिथे संरक्षण घरातल्या इतरांच्या शरीरातच उभे करावे लागते. घरातल्या प्रत्येकाने फ्लूची लस दरवर्षी घेणे, शाळेतून आलेल्या मुलाला सर्दी असेल तर त्याने चार दिवस मुखपट्टी लावणे, बाहेरच्याने भेटायला येण्याआधी फोनवर ‘खोकला नाही ना?’ हे विचारले म्हणून न रागावणे. रुग्णाची बायको किंवा मुलगा नोकरीवर जात असेल तर त्याला आजारी सहकाऱ्याशेजारी न बसण्याची आणि शक्य तेव्हा घरून काम करण्याची सवलत मिळणे, हाही उपचाराचाच भाग आहे. पण सवलत मिळते ती रुग्णाला, तीही पुष्कळ विनवण्यांनंतर. संसर्ग घरी आणणाऱ्याचा विचार बहुतेक कचेऱ्यांच्या नियमांत नाहीच.

लोकलमध्ये मुखपट्टी लावलेला माणूस दिसला की आता लोक थोडे सरकून बसतात, ‘याला काही झालेय का?’ अशा नजरेने. बहुतेकदा त्याला काही झालेले नसते. काही होऊ नये म्हणून तो ती लावून असतो. त्याच्यापासून सरकण्यात काही अर्थ नाही. शिंक आली तर तोंड मात्र दुसरीकडे वळवावे.