पाठीवरची बटणं

लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ या कादंबरीतल्या वस्तीत चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या जाकिटांना बटणं पाठीवर असतात. ती आपली आपल्याला लावता येत नाहीत. एकाने दुसऱ्याची लावायची, म्हणजे एकमेकांवर विसंबायची सवय लागते. सातव्या वर्षी बटणं पुढे येतात, नवव्या वर्षी सायकल मिळते, बाराव्या वर्षी जन्मभराचं काम नेमून दिलं जातं. १९९३ साली आलेल्या आणि पुढच्याच वर्षी न्यूबेरी पदक मिळवलेल्या या कुमार-कादंबरीचं सार सहसा एका वाक्यात सांगितलं जातं: वस्तीने आठवणी पुसल्या, म्हणून माणसं एकसारखी झाली. हे वाक्य खोटं नाही, पण सैल आहे. कारण तिथली माणसं एकसारखी वाटतच नाहीत. ॲशर गमत्या आहे, लिली बडबडी, फियोना मृदू. ज्येष्ठांची समिती प्रत्येक मुलावर वर्षानुवर्षं नजर ठेवून असते. ॲशरला करमणुकीचं खातं आणि फियोनाला वृद्धांची शुश्रूषा देते. आपल्याकडच्या कलचाचण्यांनी लाजावं इतका तो अंदाज अचूक असतो. नायक जोनसचे फिकट डोळे आणि त्याला इतरांपेक्षा पलीकडचं दिसतं ही गोष्टही समितीने हेरलेली असते, आणि त्याचंही तिने पदच करून टाकलेलं असतं. वेगळेपणाचं या व्यवस्थेला वावडं नाही. तिला ते कामाला लावता येतं.

मग गमावलंय काय? चार वर्षांचा केलेब नदीत पडून मरतो. त्या दिवशी सारी वस्ती त्याचं नाव पुटपुटते, दिवसभर, उतरत्या आवाजात, ते विरून जाईपर्यंत. नंतर त्याच आईबापांना नवं बाळ दिलं जातं. त्याचंही नाव केलेब. आता तेच नाव चढत्या आवाजात म्हटलं जातं, जणू जुनाच परतला. त्याच समारंभात दुसऱ्या एका बाळाला रॉबेर्तो हे नाव मिळतं. आठवड्यापूर्वी ज्या म्हाताऱ्याला ‘मुक्ती’ दिली, त्याचं. त्याच्यासाठी तर पुटपुटणंही नाही. लाउरींनी हा भाग थोडक्यात उरकला आहे, पण मला कादंबरीचा कणा इथेच दिसतो. ज्याच्या जागी दुसरं कुणी चालत नाही तो माणूस म्हणजे व्यक्ती, आणि ती जागा रिकामी राखण्याचं काम आठवणीचं. मराठीत ‘तुझी आठवण येते’ म्हटलं की जुनं काही मनात आलं एवढाच अर्थ होत नाही, तू इथे नाहीस हे जाणवतं असाही होतो. जोनसच्या वस्तीत हा दुसरा अर्थच उरलेला नाही.

पूर्वीच्या पिढ्यांच्या साऱ्या आठवणी तिथे एकट्या एका म्हाताऱ्याकडे ठेवलेल्या आहेत आणि त्याचा वारस म्हणून जोनसची निवड होते. दिवे, भेटवस्तू आणि आजी-आजोबा असलेल्या घराची आठवण मिळाल्यावर तो घरी येऊन आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात. शब्द फार मोघम आहे, म्हणतात. माझ्या कर्तृत्वाचा तुम्हाला अभिमान वाटतो का, असं विचारावं. पण या सुधारलेल्या प्रश्नाचं ‘हो’ कुठल्याही गुणी मुलाला मिळवता आलं असतं. वडील तर मुळात प्रेमळ, बाळं सांभाळणारे. तेच जुळ्यांचं वजन करून हलक्या बाळाला ‘मुक्ती’ची, म्हणजे मरणाची, सुई टोचतात, आणि तेही बाळांशी बोलायच्या लाडिक आवाजात. दोन सारखी असतील तर एक पुरे, हा त्यांच्या लेखी साधा हिशेब आहे. मरणावर आपणही पांघरूण घालतो. देवाज्ञा झाली म्हणतो, कैलासवासी म्हणतो. पण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही आतलं ठाऊक असतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जोनसला मिळतात त्या आठवणी परक्यांच्या. उसन्या आठवणींनी व्यक्तित्व कसं घडेल? माझ्या मते त्यांनी जोनसचं घडत नाही, गेब्रिएलचं घडतं. रात्री किरकिरणारं, वजन न भरणारं हे बाळ वस्तीच्या वहीत एक आकडा आहे, जोनसला मात्र त्याच्या जागी दुसरं बाळ चालत नाही. त्याला ‘मुक्ती’ द्यायचं ठरल्यावर जोनस म्हाताऱ्याबरोबर बारकाईने आखलेला वस्ती सोडण्याचा बेत मोडतो आणि वडिलांची सायकल घेऊन त्याच रात्री निघतो. हिशेबाने पाहिलं तर हा मूर्खपणा आहे. बाळं काय, पुन्हा येतील.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: आठवणीच माणसांना लढवतात, जुन्या अपमानांची उजळणी करत गावंच्या गावं पेटतात. खरं आहे. पण सूडाला नेमका माणूस लागत नाही. ‘त्यांच्यातला’ कुणीही चालतो. म्हणजे तिथेही बदलीच. कादंबरीतल्या युद्धाच्या आठवणीत एक जखमी पोरगा पाणी मागतो आणि मरतो. लढाई कुणाकुणात हे कळतही नाही. इथे लाउरींनी स्वतःला सोपं करून घेतलं आहे, हे मान्य करायला हवं: शत्रूचं नाव असलेली एकही आठवण त्या जोनसला देत नाहीत. दिलेली आठवण देणाऱ्याकडून पुसली जाते, हेही न पटणारं. प्रत्यक्षात आठवण सांगितल्याने घट्ट होते. अमेरिकेत पालकांनी सर्वाधिक हरकती घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत ही कादंबरी वर्षानुवर्षं होती, बहुधा त्या सुईमुळे. भीती समजण्याजोगी आहे, पण तो प्रसंग काढला तर वडिलांचा प्रेमळपणा किती पोकळ आहे हे मुलांना कळणारच नाही.

विसरण्यात सुख असतं हे लाउरींना ठाऊक होतं. पदक स्वीकारतानाच्या भाषणात त्यांनी आपल्या वडिलांबद्दल सांगितलं होतं. थोरली मुलगी हेलन तरुणपणीच गेली होती. म्हातारपणी वडील तिचा फोटो ओळखत, पण तिचं काय झालं ते त्यांना आठवत नसे. ते गोंधळत, दुःखी होत नसत. कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला हे सुख नाही. दहा वर्षांपूर्वी रोझमेरी नावाच्या मुलीला त्याने वारस म्हणून शिकवायला घेतलं आणि पाच आठवड्यांत तिने स्वतःच ‘मुक्ती’ मागून घेतली. वस्तीने तिचं नाव कायमचं बंद केलं. त्यामुळे केलेबसारखी दुसरी रोझमेरी कधी आली नाही. माझ्याबरोबर चला, असं जोनस विनवतो तेव्हा म्हातारा नकार देतो. इथलं काम संपलं की मला माझ्या मुलीजवळ जायचंय, म्हणतो. त्याला मुलगी होती हे जोनसला तेव्हा प्रथम कळतं, आणि मग म्हातारा तिचं नाव घेतो.