रांगेतले गप्प लेकरू

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढे औषधांचा तुटवडा आणि रिक्त पदे यांवर पुष्कळ बोलले गेले. ते बोलायलाच हवे होते. पण आजारी मूल दवाखान्याच्या दारात आल्यापासून डॉक्टरांचा हात त्याला लागेपर्यंत किती वेळ जातो, हा प्रश्न मला कुठे ऐकू आला नाही.

बीड जिल्ह्यात तो वेळ मी रोज पाहतो. कारखान्यांचा पट्टा पडून ऊसतोड कुटुंबे गावी परतली की केसपेपरच्या खिडकीपुढची रांग लांबते. जे लेकरू आकांत करते त्याला लोकच पुढे सोडतात. आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेले मागे राहते. 'झोपलंय' म्हणून आईही निर्धास्त. पण जोरात रडणारे मूल निदान शुद्धीवर असते. मला भीती वाटते ती गप्प लेकराची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत मुलांची दारातच वर्गवारी होते: तातडीची, आधी पाहायची आणि रांगेत थांबू शकणारी. त्याला यंत्र लागत नाही. झटके येताहेत का, हाकेला डोळे उघडते का, दूध-पाणी घेते का, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, एवढे पाहायचे. मग कपडा वर करून श्वास मोजायचे. मिनिटाला दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर श्वास जलद. मोजायचे पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे आमच्यात कमी नाहीत, पण तान्ह्याचा श्वास अनियमित असतो, गुणाकार फसतो.

मलावीतल्या ब्लँटायरच्या सरकारी रुग्णालयाने मुलांची अशी वर्गवारी आणि तातडीचे उपचार नीट बसवले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिथे दाखल मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण १०-१८ टक्क्यांवरून ६-८ टक्क्यांवर आले.

आपल्याकडे लेकराला सर्वांत आधी पाहतात ते दारावरचा रक्षक आणि खिडकीतला कारकून. अनेकदा दोघेही कंत्राटी. अतिदक्षता कक्षाच्या खाटांसाठी मागणीपत्रे जातात, या दोघांना अर्धा दिवस शिकवण्यासाठी कागद हललेला मी पाहिलेला नाही. तोवर आयांनो, लेकरू दूध ओढत नसेल, हाकेला डोळे उघडत नसेल, तर रांगेत थांबू नका, सरळ आत या. कोणी ओरडले तर ओरडू द्या. केसपेपर नंतर काढता येतो.