खेळ रचण्याचे शिक्षण कोणाच्या आवाक्यात?

बारावीचा निकाल लागला की शनिवार पेठेतील घराघरांतून अलीकडे एक नवा वाद ऐकू येतो. मुलगा म्हणतो, 'मला व्हिडिओ गेम तयार करायचे आहेत.' वडील म्हणतात, 'खेळून का कोणाचे पोट भरते?' वडिलांची शंका अनाठायी नाही. परंतु खेळणे आणि खेळ रचणे यांतील भेद त्यांच्या ध्यानी आलेला नसतो. पुष्कळदा तो मुलाच्याही ध्यानी आलेला नसतो.

वस्तुतः हा भेद आपल्याला अपरिचित नाही. मोक्षपट आखणाऱ्याने शिडीला सद्गुण आणि सापाला दुर्गुण मानून माणसाची चढउतार घराघरांत मांडली. कोणता साप कोठे असावा, हरलेल्यालाही पुन्हा डाव मांडावासा का वाटावा, हा विचार म्हणजेच खेळाची रचना. व्हिडिओ गेममध्ये चित्रे काढणारे आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारे बहुधा वेगळे असतात. रचनाकार नियम, टप्पे आणि कथानक यांची सांगड घालतो. त्यासाठी गणित, चित्रकला, भाषा आणि मानसशास्त्र हवे, तसेच अर्थशास्त्रही हवे. खेळातील नाण्यांचा पुरवठा भरमसाट वाढला तर तेथेही महागाई होते. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये यानिस वारुफाकिस या अर्थतज्ज्ञास आपल्या खेळांतील बाजारव्यवहार अभ्यासण्यासाठी सेवेत घेतले. हेच गृहस्थ २०१५ मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले.

हे सारे शिकावे कोठे? आयआयटीतील डिझाइनच्या पदवीसाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा असून ती कला, वाणिज्य वा विज्ञान, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास देता येते. १९६१ मध्ये अहमदाबादेस स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल खेळरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत २०२५ मध्ये भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. या मोजक्या जागा भरल्या की उरतात ती खासगी विद्यापीठे आणि खासगी वर्ग. तेथील शुल्क बहुधा लाखांत मोजावे लागते. शिवाय शिक्षण ही अशी वस्तू आहे, की तिचा कस ती विकत घेतल्यावरच कळतो. एखाद्या सॉफ्टवेअरची बटणे दाबण्यापुरते शिकवून पदविका दिली गेली, तर चार वर्षांत ते सॉफ्टवेअर जुने होते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

पुण्यात गुणांची वाण नाही. येथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने भारतीय पुराणकथांवर बेतलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगापुढे आणला. लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा २०१७ मधील प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अशा धाडसाची जोखीम प्रत्येक कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घराला पेलेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

चित्रपटाच्या बाबतीत या शहराने दुसरा मार्ग पाहिला आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली काम करता करता शिकली. त्यांची 'प्रभात' १९३३ मध्ये पुण्यात आली आणि १९६० मध्ये तिच्याच जागेवर शासनाने चित्रपट प्रशिक्षणाची संस्था उभी केली. ज्या कलेकडे थिल्लर करमणूक म्हणून पाहिले जाई, तिच्या शिक्षणाचा भार समाजाने उचलला. त्यामुळे सामान्य घरांतील मुलांनाही त्या कलेचे दार उघडले.

आज त्यासाठी नवे भव्य संकुल बांधण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत मायनर विषय घेण्याची मुभा दिली आहे. गणिताच्या, मराठीच्या वा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास खेळरचना हा मायनर विषय घेता येईल, अशी व्यवस्था आपली विद्यापीठे करू शकतात. 'गोडो'सारखे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. महाविद्यालयांतील संगणककक्ष संध्याकाळी कुलूपबंद असतात, ते उघडावे लागतील एवढेच. व्यवसायातील जाणकारांना अध्यापनासाठी बोलावणेही अशक्य नाही.

तोवर विद्यार्थ्यांनी कागद, फासे आणि सोंगट्या घेऊन एक लहान खेळ स्वतः रचावा, तो मित्रांना खेळायला द्यावा आणि ते कोठे कंटाळतात हे टिपून ठेवावे. पालकांनीही शुल्क भरण्यापूर्वी संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी रचलेले खेळ दाखवण्याचा आग्रह धरावा. परंतु ही सावधगिरी एकेका घरापुरती झाली. गुणी मुलाची वाट बापाच्या पगारावर अवलंबून राहू नये, ही जबाबदारी मात्र विद्यापीठांची आणि शासनाची आहे.