सामान पोहोचले, आता तक्रार करा

घर हलवताना कुणाची फसवणूक झाली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘जाऊ द्या, सामान तर पोहोचले ना!’ पॅकर्स अँड मूव्हर्सच्या नावाखाली चालणारा लबाडीचा धंदा याच वाक्यावर उभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सामान घरात येईपर्यंत माणूस थकून गेलेला असतो. मुलांचे शाळाप्रवेश, गॅसची जोडणी, नवी नोकरी हे सगळे समोर उभे असते. दहा-पंधरा हजार गेले ते गेले, असे म्हणून तो विषय संपवतो. लुबाडणाऱ्याने हे आधीच गृहीत धरलेले असते.

आपले नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर) हे बदल्यांचे आणि स्थलांतराचे शहर आहे. आर्मर्ड कोरचे केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर, व्हीआरडीई आणि एमआयडीसीतले कारखाने यांच्यामुळे देशभरातली कुटुंबे इथे येतात आणि जातात. आपली मुले पुणे, हैदराबाद, बंगळुरूला नोकरीला जातात आणि आईवडिलांसाठी कधी परतही येतात. म्हणून हा प्रश्न चार-दोन श्रीमंतांचा नाही.

मुकुंदनगरच्या एका ओळखीच्या कुटुंबाचे उदाहरण सांगतो. मुलाने हैदराबादहून घर हलवले. फोनवर चोवीस हजार ठरले, पाच हजार आगाऊ गेले. सामान ट्रकमध्ये चढल्यावर ‘माल जास्त आहे’ असा निरोप आला. तीन दिवसांत येणारा ट्रक नवव्या दिवशी नगरच्या वेशीवर उभा राहिला आणि मागणी झाली एकेचाळीस हजारांची. नाहीतर सामान गोदामात जाईल आणि गोदामाचे भाडे रोज चढेल, असे सांगण्यात आले. त्या सामानात त्याच्या अम्मीचे शिलाई मशीन होते. त्या मशीनवर तिने दोन मुले शिकवली होती. घरच्यांनी रोख पैसे मोजले. मशीन उतरले ते चाक तुटलेले. पावती मागितली तर ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे तो नंबरच लागेना. हातात एकही कागद नव्हता.

या धंद्यातली खरी ताकद एका क्षणात असते. सामान ट्रकमध्ये चढले की सौदा करण्याची तुमची कुवत संपते. त्याआधी दर तुम्ही ठरवता, नंतर तो ठरवतो. म्हणून जे काही मागायचे ते पहिला खोका उचलण्याआधी मागायला हवे.

नगर जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला ‘काटामारी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपला ऊस आणि दुसऱ्याचा काटा, याची धास्ती त्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. घरसामानातही हाच प्रकार होतो. फरक इतकाच की इथे काटासुद्धा दिसत नाही. ‘घनफूट वाढले’ असे तोच मोजतो आणि तोच सांगतो. कुरआनच्या ८३व्या सूरेचे नावच मापात पाप करणाऱ्यांवरून पडले आहे. आणि कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. तरीही ‘भाई, जबान दिली आहे’ म्हणणाऱ्याकडे कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो. लिहून मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याची दयानत शाबूत आहे त्याला लिहून द्यायला अडचण कसली?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठी इंग्रजांच्या काळातला १८६५चा कायदा जाऊन २००७चा नवा कायदा आला आणि तो २०११ पासून लागू झाला. त्यानुसार मालवाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्याची नोंदणी सक्तीची आहे. दुसऱ्याचा ट्रक भाड्याने घेऊन माल गोळा करणारा आणि पुढे पाठवणाराही यात येतो. म्हणून ‘आम्ही फक्त एजंट’ ही सबब चालायला नको. माल घेतल्यावर त्याने पावती द्यायची असते. बाजारात तिला आपण बिल्टी म्हणतो. त्यावर नगांची संख्या हवी. सामानाची यादी आणि किंमत तुम्हीही लिहून द्या, कारण भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत आणि जाहीर केलेल्या किमतीच्या आतच मिळते. विम्याचे पैसे घेतले असतील तर विमा कंपनीची पॉलिसी हातात हवी. मूव्हरच्या बिलावर नुसता ‘विमा’ शब्द लिहिलेला असणे म्हणजे विमा नव्हे.

आणि इतके करूनही ट्रक दारात अडवला तर? घरात आजारी माणूस असेल, त्याची औषधे त्या सामानात असतील, तर भांडत बसता येत नाही. अशा वेळी पैसे द्यावेत, पण रोख देऊ नयेत. बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत आणि जास्तीची रक्कम नाइलाजाने, हरकत नोंदवून देत आहोत, असा मेसेज त्याच वेळी पाठवावा. उतरवतानाच फुटलेल्या वस्तूंचे फोटो काढावेत आणि पोहोच देताना कागदावर नुकसान लिहूनच सही करावी. नाइलाजाने दिलेले पैसे म्हणजे कबुली नव्हे. ती कबुली ठरते ती नंतरच्या आपल्या गप्प बसण्याने. धमकी दिली तर ११२ला फोन करावा. सामान विश्वासाने सोपवलेल्या वाहतूकदाराने ते हडप केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेच आपण करत नाही. नुकसान झाले असेल तर सामान बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी. पूर्वी ग्राहकाला समोरच्याच्या गावी, नाहीतर जिथे प्रकरण घडले तिथे जावे लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे बदलले. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे हैदराबादच्या कंपनीला उत्तर द्यायला नगरला यावे लागेल. मुदत दोन वर्षांची आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि १९१५ या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. निकालाला वेळ लागतो, हे खरे. पण नोटीस हातात पडल्यावर नंबर बंद करून बसणारी माणसे बोलायला येतात, हेही खरे.

एक गोष्ट मात्र जपावी. दारात आलेल्या चालकावर आणि हमालांवर राग काढू नये. जास्तीचे सोळा-सतरा हजार त्यांच्या खिशात जात नाहीत. ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, त्या महाराष्ट्रात ओझे उचलणाऱ्याची मजुरी आणि फोनवर बसलेल्याची लूट यांतला फरक आपल्याला कळायला हवा.

प्रशासनाकडेही मागणे आहे. नोंदणी सक्तीची असेल तर नोंदणीकृत वाहतूकदारांची यादी आरटीओच्या फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत असावी. लष्करी वसाहती, एमआयडीसी आणि महाविद्यालये यांनी ती आपल्या लोकांपर्यंत पोहोचवावी. मोहल्ल्यातल्या मशीद कमिट्या आणि तरुणांची मंडळे हज-उमऱ्याचे अर्ज भरून देतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. ग्राहक तक्रारीचा अर्ज त्याहून अवघड नाही.

पंधरा हजार सोडून देणे ही दर्यादिली वाटते. पण ते पैसे आपण त्याला माफ करतो आणि वसुली मात्र पुढच्या कुटुंबाकडून होते. आपला हक्क सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, पुढच्याचा हक्क सोडण्याचा नाही. सामान पोहोचले असेल तर शुक्र माना, मशीन दुरुस्तीला टाका आणि त्याच आठवड्यात नोटीस पाठवा.