डुक्कर हराम आहे, गुन्हेगार नाही

२००९ मध्ये स्वाइन फ्लू पसरला तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य हमखास ऐकू यायचं, 'आपण डुक्कर खात नाही, आपल्याला काय होणार?' साथीचा विषय निघाला की ते आजही कानावर पडतं. त्यात दिलासा आहे, पण तो खोटा आहे. हा आजार खाण्यातून पसरत नाही. तो खोकल्या-शिंकांतून माणसाकडून माणसाकडे जातो. भारतातला त्याचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. ती एक शाळकरी मुलगी होती.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात 'दवाखाना' हा शब्द फोडून दाखवतो: 'दवा' अरबी, 'खाना' फारसी आणि शब्द मात्र आता आपल्या मराठीचा. शास्त्रज्ञ विषाणूचं कूळ साधारण असंच शोधतात. इन्फ्लूएंझा विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. डुकराच्या शरीरात पक्ष्यांचे आणि माणसांचे, दोन्हीकडचे विषाणू वाढू शकतात, म्हणून तिथे हे घडण्याची शक्यता असते.

२००९ च्या विषाणूचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांत १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून फिरणाऱ्या मिश्र विषाणूंकडून आले होते, तर दोन युरोप-आशियातल्या डुकरांच्या विषाणूकडून. त्या सहांतही दोन मुळात पक्ष्यांकडचे आणि एक माणसाच्या फ्लूचा. म्हणजे ज्या विषाणूला आपण डुकराचं नाव दिलं, त्याच्या कुळात पक्षी आहेत आणि आपणही आहोत. पुढे हाच विषाणू माणसांकडून अनेक देशांतल्या डुकरांना लागला. डुकरांनी मात्र त्याला 'माणूस फ्लू' म्हटलं नाही!

हे समजून न घेता निर्णय घेतला की काय होतं, ते इजिप्तने दाखवलं. एप्रिल २००९ च्या अखेरीस, देशात एकही रुग्ण नसताना, तिथल्या सरकारने सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. त्याचा फायदा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं होतं. ही डुकरं पाळणारे होते कैरोचा कचरा गोळा करणारे जब्बालीन, बहुतांशी गरीब कॉप्टिक ख्रिश्चन. ओला कचरा डुकरांना घालायचा, हीच त्यांची रोजीरोटी. डुकरं गेली, पोटावर पाय आला आणि कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. साथ थांबली नाहीच. जूनच्या सुरुवातीला देशातला पहिला रुग्ण सापडला: अमेरिकेतून विमानाने आलेली एक मुलगी.

डुकराचं मांस आपल्याला हराम आहे, हा आपल्या खाण्याचा नियम झाला. त्यातून आजाराचं निदान निघत नाही आणि डुक्कर पाळणाऱ्या माणसाला हलकं समजण्याचा हक्क तर मुळीच मिळत नाही. प्राण्याबद्दलची किळस बघता बघता माणसांवर उतरते. ज्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं जातं, त्या आपल्याला तरी हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या साथीची चाहूल लवकर लागायची असेल तर डुकरांचे नमुने तपासत राहावे लागतील, त्यांतल्या विषाणूंची जनुकं वाचत राहावी लागतील. नमुना देणारा असतो पाळणारा. आजारी जनावर दाखवलं तर सगळा कळप मारतील, वस्ती बदनाम होईल, अशी भीती असली तर तो ते लपवेल. कोण दाखवेल? त्याला भरपाईची खात्री हवी आणि शेजाऱ्यांचा आदरही हवा. भरपाई सरकारने द्यायची आहे. आदर आपल्याला द्यायचा आहे आणि त्यासाठी काहीही खावं लागत नाही.