बरणीवर नाव कोणाचं?

नया नगरात सध्या दर दुसऱ्या इमारतीत कोणीतरी मेणबत्त्या ओततंय, असं वाटावं इतका हा नाद पसरलाय. दोन तासांचा क्लास, हातात एक छापील कागद आणि 'घरबसल्या महिना पन्नास हजार' असं आश्वासन. आमच्या आपानेही गेल्या वर्षी ईद झाल्यावर हा क्लास केला. आधी ती इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवायची, नगावर मजुरी मिळायची. माल दुसऱ्याचा, दर दुसऱ्याचा. म्हणून ती मेणबत्त्या करणार म्हणाली तेव्हा मला आनंदच झाला. तो आजही आहे. माझी तक्रार हा धंदा ज्या पद्धतीने शिकवला जातो त्याबद्दल आहे.

सोया मेण म्हणजे काही जादू नव्हे. सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेलं असतं. डालडा होतो तसंच. म्हणून ते मऊ असतं, साध्या मेणबत्तीसारखं उभं राहत नाही, त्याला बरणी लागते. क्लासमध्ये हे सांगितलं, पण बरणी कुठली ते सांगितलं नाही. आपाने घरातले सरबताचे पातळ ग्लास घेतले. पहिल्याच संध्याकाळी एक ग्लास तडकला आणि गरम मेण ओट्यावरून खाली आलं. वन रूम किचनमध्ये दोन लहान मुलं असताना हे झालं. उष्णता सहन करणारी जाड काचच हवी, आणि पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकायचं नाही, झाकण टाकून विझवायचं. या दोन वाक्यांसाठी क्लासच्या फीमधले निम्मे पैसे मी आनंदाने दिले असते.

दुसऱ्या खेपेला वास आला नाही. अत्तरवाल्याकडून आणलेलं सुगंधी तेल मेण कडकडीत असतानाच घातलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी लगेच पेटवून पाहिलं. मेण पातेल्यातल्या पाण्यावर वितळवायचं, पंचाहत्तर-ऐंशी अंशांपर्यंत न्यायचं, थोडं उतरू द्यायचं, मग वजनाच्या सहा ते आठ टक्के सुगंध घालून सावकाश ढवळायचं, आणि ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे हात लावायचा नाही. लोणचं मुरायला देतो तसं. तिसऱ्या खेपेला वास आला, पण वात बारीक निघाली. ज्योतीभोवती खड्डा पडला आणि कडेचं मेण तसंच राहिलं. रुंद बरणीला जाड वात लागते, आणि ती कुठली हे जाळूनच कळतं. चार तास जाळा, विझवा, वात कापा, पुन्हा जाळा. अशा जाळण्यात आपाच्या वीसेक मेणबत्त्या गेल्या. मोहल्ल्यात लोक म्हणाले, वाया घालवतेय. मी म्हणतो, शिकली ती तेव्हाच.

मग हिशेब. एका बरणीत दीडशे ग्रॅम माल. मेण ४८ रुपये, सुगंध २५, बरणी ३५, वात ५, खोका आणि लेबल २२, गॅस आणि वाया गेलेला माल मिळून १०. झाले १४५. ती विकत होती १९९ ला, म्हणजे हातात ५४. साडेतीन तासांत आठ बरण्या होतात, म्हणजे तासाला सव्वाशेच्या आसपास पडतात. खडे चिकटवून एवढे कधी मिळाले नव्हते. करण्यात पैसा सुटतो, तो जातो विकण्यात. तिने एका प्रदर्शनात दिवसाचं दीड हजार भाडं देऊन टेबल घेतलं. भाडं निघायलाच २८ बरण्या खपायला हव्या होत्या, खपल्या १९. घरी येऊन म्हणाली, "चांगली विक्री झाली." गल्ला भरलेला दिसत होता ना! प्रत्यक्षात पावणेपाचशेचा खड्डा होता, आणि दिवसभर उभं राहिल्याची मजुरी वेगळीच. काचेची बरणी कुरिअरने पाठवायची तर ५४ रुपये त्यातच संपतात.

आणि आपल्या लोकांचं एक सांगतो, राग मानू नका. पहिल्या महिन्यात खाला, फुफी, मामी सगळ्या घेतात. त्याला बाजार म्हणत नाहीत, ती माया असते. दुसऱ्या महिन्यात माया संपत नाही, पण मेणबत्तीची गरज संपलेली असते.

महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं उदाहरण क्लासमध्ये हमखास देतात. ते दृष्टिहीन. मुंबईत अंधांच्या संस्थेत मेणबत्ती शिकले, महाबळेश्वरात हातगाडीवर विकू लागले, आणि त्यातून सनराइज कँडल्स उभी राहून शेकडो दृष्टिहीनांना काम मिळालं. हे सांगतात ते छानच. फक्त हातगाडीचा भाग घाईत उरकतात. गिऱ्हाईक समोरून जातं तिथे जाऊन उभं राहणं, हाच तर त्यातला धडा होता. आपल्याकडे तो रस्ता भाईंदर पश्चिमेला उत्तनकडे जातो. तिथली ख्रिस्ती घरं मेणबत्ती शोभेसाठी नाही, जाळण्यासाठी घेतात, आणि वर्षभर घेतात.

लेबलवर काय लिहायचं यावरून आमचं भांडण झालं. क्लासवाल्यांनी 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलमुक्त' असा मजकूर तयारच दिला होता. सुगंधी तेल कारखान्यातलं, आणि आपाने एकदा स्वस्त पडतं म्हणून पॅराफिन मिसळलेलं मेण आणलेलं. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओलं लागलं, हा प्रसंग आपल्याला लहानपणीच सांगतात. वरचं कोरडं, आतलं ओलं. आपाने तो मजकूर काढला. आता लिहिते, 'सोया मेण, सुगंधी तेल, सुती वात'. मिश्रण असेल तर मिश्रण.

नावाचा प्रश्न मात्र सुटला नाही. जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात तणाव झाला, पाठोपाठ दुकानांवर बुलडोझर फिरले, ते इथल्या कोणी विसरलेलं नाही. मैत्रिणींनी सल्ला दिला की नाव इंग्रजी ठेव, पत्ता फक्त 'मीरा रोड' लिही, तुझं नाव कशाला? मी उलट म्हटलं, नाव घाल, तेही मराठीत. मराठी बोलणाऱ्या मुसलमान बाईने आपली भाषा आणि आपलं नाव का लपवावं? आपाने शांतपणे विचारलं, "तुझा लेख नाही खपला तर तुझं काय जातं? माझी बरणी नाही खपली तर १४५ रुपये जातात." मला उत्तर सुचलं नाही. कोणाच्या भीतीची किंमत कोण मोजतं, हे लिहिणाऱ्याने विकणाऱ्याला सांगू नये. पण हा प्रश्न एका मेणबत्तीवाल्या बाईला पडावा, याची लाज तिची नाही, आपल्या शहराची आहे.

सध्या तिने मधला मार्ग काढलाय. दर २८० केला आणि रिकामी बरणी परत आणली तर ३० रुपये कमी घेते. बरणी परत करायची म्हणजे गिऱ्हाईकाला तिचा पत्ता माहीत हवा, म्हणून लेबलच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात मराठीत तिचं नाव आणि 'नया नगर' छापलंय. पुढच्या बाजूला अजून नुसतं मोगऱ्याचं फूल आहे. गेल्या महिन्यात उत्तनहून सात बरण्या परत आल्या, धुऊन, पुसून.